रकाना : राष्ट्रीयत्व

भिलाईत नेमणुकीवर असताना पोलाद कारखान्याच्या उभारणीविषयीच्या एका संदर्भपुस्तिकेचा मसुदा माझ्याकडे तपासणीस आला. भारत-सोव्हिएत करार १९५५ सालचा; पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. परदेशी तज्ज्ञांच्या यादीत ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्याखाली वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : ‘रशियन’. भिलाईत सारे असेच म्हणतात आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही.

मी मात्र पहिल्याच नावापाशी अडलो. सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स यांचा जन्म १९१० साली क्रिमियातील फिओदोसिया येथे, ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा क्रिमिया रशियन साम्राज्यात होता. १९५४ साली तो सोव्हिएत संघांतर्गत युक्रेनला जोडला गेला. शिवाय तेथील अंतर्गत पारपत्रात नागरिकत्व सोव्हिएत असले, तरी ‘राष्ट्रीयता’ वंशावरून निराळी नोंदवीत. मग आमच्या रकान्याने नेमके काय विचारले होते?

मी ‘तत्कालीन नागरिकत्व : सोव्हिएत’ असे सुचविले. सहकारी म्हणाले, “साहेब, तो देश १९९१ सालीच संपला. आजच्या मुलांना कळेल का?” शंका रास्त होती, तळटीप घातली. छत्तीसगडात मला कुणी ‘मराठा’ म्हटले, की मी ‘मराठी’ अशी दुरुस्ती करीत असे. तीच तसदी दुसऱ्याच्या नावासाठी टाळता येईना. ‘जन्मस्थान’ हा वेगळा रकाना जोडला. ज्यांचे कागद सापडले नाहीत, तेथे तो कोरा ठेवला.