बुशनर सर आणि आमच्या घरातला दिवा

आम्ही येनात नवीन होतो, तेव्हा शेजारचे आजोबा आम्हाला एर्न्स्ट आबे मैदानावर सामना बघायला घेऊन गेले. सामन्यापेक्षा ते गेओर्ग बुशनर यांच्याविषयीच जास्त बोलले. बुशनर आधी इथलेच खेळाडू, मग १९५८ ते १९७१ इथले प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली येनाने १९६३, १९६८ आणि १९७० मध्ये पूर्व जर्मनीचं विजेतेपद मिळवलं. आधी दमसास, मग चेंडू, अशी कडक शिस्त. पुढे त्यांच्या राष्ट्रीय संघाने १९७४ मध्ये हॅम्बुर्गला पश्चिम जर्मनीला १-० हरवलं आणि १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

त्याआधी १९७२ मध्ये म्युनिकला कांस्य, असं आजोबा म्हणाले आणि आम्ही गप्प झालो. आपल्या घरांत म्युनिक म्हणजे मारले गेलेले ११ इस्राएली. लोदच्या आमच्या मामी त्यांच्यासाठी अजून दिवा लावतात. पूर्व जर्मनीने तर इस्राएलशी कधीच राजनैतिक संबंध ठेवले नाहीत.

आम्ही हे सगळं सांगितलं. आजोबांनी वाद घातला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

बुशनर २००७ मध्ये गेले. आता आम्हीही त्यांचं नाव आदराने घेतो. आणि ५ सप्टेंबरला आमच्याकडे दिवा लागतो, तेव्हा आजोबा येऊन शेजारी बसतात.