डाव्या हाताचं अक्षर

युद्धावर गेलेल्या माणसाचं पत्र घरी आलं, की मजकुराआधी वरचं अक्षर वाचलं जातं. ते ओळखीचं निघालं तर जीव भांड्यात पडतो. परक्याचं असेल, तर घडी उलगडायला हात धजत नाही.

वॉटर्लूच्या लढाईनंतर ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या हाती असंच परक्या अक्षरातलं पत्र पडलं. धाकटा भाऊ लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट जखमी झाला होता, आणि ते कळवत होता खुद्द सेनापती वेलिंग्टन, बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे असईला शिंद्यांच्या तोफांसमोर उभा राहिलेला. १९ जून १८१५ ही त्या पत्राची तारीख. विजयाचा सरकारी खलिताही त्याच तारखेचा. खलिता इतका कोरडा, की त्यात जिंकल्याचा आनंदही शोधावा लागतो. भावाला लिहिताना मात्र हा कठोर माणूस पार खचलेला दिसतो. जिंकून पदरात काय पडलं, याचं त्याला काहीच वाटेनासं झालं होतं.

सॉमरसेट त्याचा लष्करी सचिव. संध्याकाळी त्याच्या शेजारी असतानाच गोळीनं याच्या उजव्या कोपराचा चुरा केला. गुंगीचं औषध यायला अजून तीस वर्षं होती. शुद्धीत असतानाच हात कापला गेला. त्याच घरात जखमी होऊन पडलेल्या ऑरेंजच्या राजपुत्राला त्याची चाहूलही लागली नाही. तुटलेला हात बाजूला टाकला, तेव्हा कुठं सॉमरसेटनं हाक मारली: तो हात परत आणा, बोटात बायकोनं दिलेली अंगठी आहे! लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

सचिवाचा उजवा हात म्हणजे त्याची रोजीरोटी. लवकरच तो डाव्या हातानं अक्षरं गिरवू लागला. सव्विसाव्या वर्षी पुन्हा मुळाक्षरांपाशी! पुढं १८२७ पासून पाव शतक तो लंडनला सेनेच्या मुख्यालयात लष्करी सचिव होता. त्या खुर्चीतला सारा पत्रव्यवहार या डाव्या हातानंच सांभाळला.

नंतर लॉर्ड रॅग्लन या नावानं क्रिमियात सेनापती झाल्यावर त्याच्यावर बरीच टीका झाली, काही रास्तही असेल. पण मला जवळचा वाटतो तो अक्षरं गिरवणारा तरुण. हात गेल्याचं घरच्यांना दुसऱ्यानं कळवलं होतं. आपण अजून आहोत, हे त्याला स्वतःच्या अक्षरात कळवायचं असावं.