हललं, भिंतीवरचं चित्र हललं!

आयुष्यभर सिनेमे पाहिले. सिनेमा घडताना मात्र आत्ता पाहिला. तोही घरच्या टेबलावर, सुपर एटच्या प्रोजेक्टरमधून! भेटेल त्याला धरून सांगावंसं वाटतंय.

यंत्र आहे इयुमिग या व्हिएन्नाच्या कंपनीचं. कोडॅकची १९३२ सालची स्टँडर्ड एट आणि १९६५ सालची सुपर एट, दोन्ही फिल्म यावर चालतात. रुंदी दोन्हींची ८ मिलिमीटरच. पण सुपर एटमध्ये कडेची भोकं लहान केली आणि वाचलेली जागा चित्राला दिली. चौकट जवळजवळ दीडपट मोठी झाली! म्हणून रीळ चढवण्याआधी भोकं नीट बघायची आणि यंत्रावरचा खटका त्याप्रमाणे फिरवायचा.

आणि आतली करामत तर काय सांगू! झाकण काढून, फिल्म न लावता नुसती मोटर फिरवून बघा. फिल्म दिव्यासमोरून जाते त्या गेटपाशी एक इवलासा पंजा दिसेल. फिल्म लावली की तो भोकात शिरतो, ती बरोबर एक चौकट पुढे ओढतो, बाहेर पडतो, परत जागेवर जातो. सेकंदाला १८ वेळा! तो ओढत असतो तेवढ्यात शटरचं पातं दिव्याच्या आड येतं, त्यामुळे सरकणारी फिल्म आपल्याला दिसतच नाही. शटरला पाती तीन, म्हणून एकेक चौकट तीनदा उजळते. सेकंदाला ५४ उजेड, आणि डोळ्यांना लुकलुक जवळजवळ जाणवत नाही. पडद्यावर पडतात ती सगळी स्थिर चित्रं. धावणं, हसणं, हात हलवणं आपल्या आत घडतं!

सिनेमाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई ल्युमिएरला या ओढण्याची युक्ती शिलाई मशीनवरून सुचली, असं सांगतात. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्या सिनेमॅटोग्राफ यंत्रातून ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यातही असाच पंजा होता. तीच युक्ती माझ्या टेबलावर टकटकतेय!

सुरुवात करणं अवघड नाही, घाई तेवढी नको. परदेशातून आलेलं यंत्र असेल तर आधी व्होल्टेज तपासा. रबरी पट्टा ताणलेला किंवा चिकट झालेला असेल तर बदला. गेट मऊ ब्रशनं झाडा, कारण तिथला एक खडा अख्ख्या रिळावर ओरखडा ओढतो. गेटच्या वर आणि खाली फिल्मला थोडा झोल हवा. पंजा झटके देतो, ते हा झोल पचवतो. पहिल्यांदा बिनमहत्त्वाचं रीळ लावा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचं अ‍ॅसिटेट विघटित होऊ लागलंय असं समजा आणि ती प्रोजेक्टरवर न चढवता आधी स्कॅन करून घ्या.

हे सगळं जमल्यावर मी मामांनी पूर्वी घेतलेलं सुपर एटचं रीळ लावलं. ५० फूट फिल्म, ३६०० चौकटी, फक्त ३ मिनिटं २० सेकंद. मामा तेवढ्यात किती निवडून घेत! आजी अंगणात पापड घालतेय, आई परकर-पोलक्यात धावतेय, कुणीतरी रांगोळी ओलांडून उडी मारतंय. आवाज नाही, पण आजीचे ओठ मामांना “पुरे रे” म्हणताना स्पष्ट दिसतात! आणि ते रंग! कुंकवाचा लाल असा, की फोनवर इतके व्हिडिओ बघूनही मी तसा कधी पाहिला नव्हता. मामा शेजारीच बसले होते. एकेका चेहऱ्याला नाव देत गेले. मोबाईलमध्ये शेकडो व्हिडिओ न बघता पडून असतात. इथे तीन मिनिटांसाठी सगळं घर एका भिंतीकडे तोंड करून बसलं.

तुमच्या माळ्यावर, मावशीच्या ट्रंकेत, आजोळच्या कपाटात फिल्मचा असा एखादा पिवळा डबा नक्की शोधा. सापडला तर कृपा करून भंगारात देऊ नका. मला बोलवा, यंत्र घेऊन मीच येते!