चबुतऱ्यावरचं विमान

कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हात एक दोन तोंडांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. तो आला म्हैसूरच्या वडियारांकडून. जून १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या लेकनफील्डच्या तळावर रॉयल एअर फोर्सची १२९ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, तिच्या बिल्ल्यावरही हाच पक्षी बसला. म्हैसूर संस्थानाने युद्धासाठी दिलेल्या देणगीमुळे तिचं नावच 'म्हैसूर स्क्वाड्रन' होतं. पुढच्या वर्षी दिएपच्या हल्ल्यात ज्या स्पिटफायर लढाऊ विमानांनी भाग घेतला, त्यांत म्हैसूरच्या, म्हणजे आमच्या गावाच्या, नावाची विमानंही होती.

हे ऐकलं की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग त्यातलं एखादं इथे बघायला मिळेल का? इथे नाही मिळणार, पण एक शिल्लक आहे. एमएच ४१५ हे स्पिटफायर १९४३ साली या स्क्वाड्रनकडे होतं. युद्ध संपल्यावर ते डच हवाई दलात गेलं, तिथून बेल्जियमला. नंतर नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढायचं काम त्याच्याकडे आलं. 'द लाँगेस्ट डे' आणि 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटांतही ते दिसलं. दुसऱ्या चित्रपटातल्या एका अमेरिकन वैमानिकाने मानधनापोटी विमानंच घेतली, त्यांत हेही टेक्सासला गेलं आणि कित्येक वर्षं हँगरात उभं राहिलं. या साऱ्या प्रवासात जतन करावं म्हणून कोणी ते ठेवलं नव्हतं. कधी भाडं मिळालं, कधी नुसतं छप्पर मिळालं, एवढंच.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. प्रशिक्षण जलहळ्ळीला झालं आणि निवृत्तीनंतर म्हैसुरात घर केलं. जलहळ्ळी म्हणजे बंगळूरचा उत्तर भाग, त्या काळी म्हैसूर राज्यातच. तिथल्या टेक्निकल कॉलेजात माझ्या आधीच्या पिढ्या ज्या सांगाड्यांवर रिव्हेट मारायला शिकल्या, त्यांत एमव्ही २९३ नावाचं स्पिटफायर होतं. उडण्याच्या यादीतून बाद झालेलं, पोरांनी खोलायचं आणि पुन्हा जोडायचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेडन-बेली बंधूंनी भारतातून आठ स्पिटफायर विकत घेतली, त्यांतलं हे एक. आज ते इंग्लंडमध्ये डक्सफर्डहून उडतं. पुण्यात तर हॉकर टेम्पेस्ट विमानं शत्रूच्या वैमानिकाला फसवायला मैदानावर मांडून ठेवलेली होती. तीही त्याच सुमारास इंग्लंडला गेली. त्यांना भंगारात न घालता कसल्या ना कसल्या हलक्या कामाला जुंपणाऱ्या कारकुनांचे उपकार आजचे संग्राहक विसरतात.

याउलट, ज्याला आपण मान देऊन चबुतऱ्यावर चढवतो, त्याच्या मरणाची सुरुवात तिथून होते. निवृत्तीनंतरचं माझं बरंचसं काम या चबुतऱ्यांशी आहे. एका संस्थेच्या आवारातल्या व्हॅम्पायरचं उदाहरण सांगतो. व्हॅम्पायर हे आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टने ती परवान्यावर बंगळूरात बांधलीही. बघणाऱ्याला ते सगळं धातूचं वाटतं. प्रत्यक्षात पंख आणि मागचे दोन दांडे ॲल्युमिनियमचे, पण वैमानिक बसतो तो पुढचा भाग लाकडाचा असतो. प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड, वरून कापड आणि डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारं वार्निश. व्हॅम्पायर बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीने ही पद्धत आपल्याच मॉस्किटो या लाकडी विमानावरून उचलली. १९४४ साली भारतात मॉस्किटोंच्या पंखांचे सांधे सुटून अपघात झाले होते आणि सगळी विमानं जमिनीवर आणावी लागली होती. आपली हवा लाकडाच्या जोडाची परीक्षा घेतेच.

असं लाकूड तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि वीतभर अंतराने वाजवत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, थर सुटले असतील तिथे आवाज बसतो. त्या व्हॅम्पायरच्या पोटाकडचा आवाज हातभर रुंदीच्या पट्ट्यात बसलेला होता. कारण वर बघितल्यावर कळलं. पाणी निघून जावं म्हणून विमानाच्या पोटाला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती ऑइलपेंटने बुजली होती. दरवर्षी १५ ऑगस्ट जवळ आला, साहेब येणार म्हटलं, की रंगाऱ्याने एक हात मारायचा. वर रंगाचे कितीतरी थर, आत तळं. त्यात चबुतऱ्याच्या लोखंडी खांबाला विमान पोलादी बोल्टांनी आवळलेलं. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्टाभोवतीचा पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने फुगला होता.

तो बोल्ट सोडवणं हा वेगळाच प्रकार. जुन्या ब्रिटिश पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. मेट्रिक पाना जवळपास बसतो, म्हणून मुलं जोर लावतात आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतात. हे जुन्या ब्रिटिश मापाचे, म्हणजे व्हिटवर्थचे, पाने मी पुण्याच्या जुन्या बाजारात किलोवर घेतले. विकणाऱ्याला ते कुठल्याच नटाला लागत नाहीत याचं दुःख होतं.

खारी हवा पावसाच्या पाण्याहूनही वाईट. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात शॉर्ट सीलँड आहे, पाण्यावर उतरणारं. १९५३ मध्ये नौदलाने अशी दहा घेतली, तीच नौदलाची पहिली विमानं. जगात मोजकीच सीलँड उरली आहेत, त्यांतलं एक उत्तर आयर्लंडमध्ये. अशा वस्तूला छप्पर हवं, मग ते साध्या पत्र्याचं का असेना. दिल्लीत पालमच्या संग्रहालयातलं वेस्टलंड वापिती हे जगातलं उरलेलं एकमेव, आणि ते छपराखाली आहे.

उडवायचं की जसं आहे तसं ठेवायचं, हा वाद आमच्यात कायम चालतो. उडवायचं म्हटलं की थकलेला धातू बदलावाच लागतो, आणि बदलत बदलत मूळचं फार थोडं उरतं. एकमेव नमुना असेल तर त्याला हात लावू नये, या मताचा मी आहे. टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाची गोष्ट वेगळी. आठ हजारांहून जास्त बनली, काही उडायलाच हवीत. हवाई दलाचं टायगर मॉथ २०१२ मध्ये हिंडनला उडालं तेव्हा मला आनंद झाला, पण ते दुरुस्त होऊन आलं होतं ब्रिटनमधून, हे खटकलं. आपल्याकडेच तर कोल्हापूरकडच्या हसूरचे विष्णू माधव घाटगे यांनी टायगर मॉथची जागा घेणारं एचटी-२ बंगळूरात बांधून १९५१ मध्ये उडवलं होतं. पंखाच्या फासळीला कापड शिवणं, मेण लावलेला दोरा ओढून गाठ मारणं, हवा दमट असेल तर डोप पांढरा पडतो म्हणून कोरडी सकाळ गाठणं, हे सगळं इथल्या हातांना येत होतं. ते शिकवणारे आता मोजके उरलेत, आणि आमच्या कामाला कुठे अभ्यासक्रम नाही.

तो निघेल तोवर निदान एवढं करा. तुमच्या गावात एखादं जुनं विमान उभं असेल तर जोराचा पाऊस थांबल्यावर त्याच्या पोटाखाली जाऊन उभे राहा. थेंब गळत असतील तर ठीक चाललंय. काहीच गळत नसेल तर संबंधितांची परवानगी घ्या, शिडी लावून घ्या आणि बुजलेली भोकं मोकळी करा. त्यासाठी बांबूची काडी वापरा, खिळा नको. खिळ्याने आतला संरक्षक थर खरवडला जातो आणि गंज तिथूनच शिरतो.