अष्टमीच्या आधी

डिचोली,
आषाढ वद्य

चि. बायला अनेक आशीर्वाद.

क्लबने अ‍ॅपलाचियन ट्रेलचा अडीच मैलांचा तुकडा तुझ्या हवाली केला, हे वाचल्यापासून घरात दोन पक्ष झाले आहेत. तुझ्या आजीने पहिला प्रश्न विचारला, पगार किती? काही नाही म्हटल्यावर तिचे म्हणणे असे की, एवढी शिकून, साता समुद्रापार जाऊन सुट्टीच्या दिवशी रानात फुकट झाडलोटच करायची होती, तर डिचोलीत काय रान नव्हते? आणि तू लिहितेस, ‘मामा, आपल्याकडे असे कुणी का करत नाही?’ दोन्ही प्रश्न एकच आहेत असे मला वाटते, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझ्या वाटेची माहिती मी काढली. बेंटन मॅकाय नावाच्या माणसाने १९२१ साली एका लेखात ती सुचवली. कारखान्यांत आणि शहरांत पिचलेल्या माणसांना डोंगरमाथ्यावर श्वास घेता यावा, हा त्याचा हेतू. १९३७ साली वाट सलग झाली. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत चौदा राज्ये, साधारण साडेतीन हजार किलोमीटर, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा तुझ्या व्हर्जिनियात. तीसेक क्लबांनी ती आपापसांत वाटून घेतली आहे आणि क्लबांनी तिचे तुकडे तुझ्यासारख्यांना दिले आहेत.

मला त्या लांबीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले. या वाटेची कुणाला गरजच नव्हती. तिच्या टोकाला बाजार नाही, देऊळ नाही, सासर-माहेर नाही. माणसाने नुसते चालावे म्हणून ती काढली. अशा वाटेला पहिल्या दिवसापासून पालक नेमावाच लागतो, नाहीतर दोन पावसांत रान तिला गिळून टाकते. आपल्या वाटांची गोष्ट नेमकी उलटी होती.

मयेच्या सड्यावरून नार्व्याकडे उतरणारी आपली पायवाट घे. तू लहानपणी आजीचे बोट धरून ती उतरली आहेस. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तिथले देऊळ सोळाव्या शतकात पाडले, देव अलीकडे आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा बांधायला घेतले. त्याचा शिलालेख अजून दारावर आहे. गोकुळाष्टमीला पंचगंगेवर स्नानाला माणसे यायची ती चालत. अष्टमी येते श्रावण वद्यात, म्हणजे रान सर्वांत माजलेले असते तेव्हा. त्यामुळे अष्टमीच्या आधीच्या आठवड्यात वाट साफ व्हायची. ज्याच्या शिमेत जेवढी वाट, तेवढी त्याने साफ करायची. आपल्या वाड्याचे काम ओहोळापर्यंत. ओहोळाच्या पलीकडे आपल्या माणसाने कोयती मारली तर पलीकडच्यांना तो अपमान वाटायचा! तुझ्या क्लबात एकाने दुसऱ्याच्या तुकड्यात काम केले तर चालते का?

पण बाय, खरे सांगायचे तर आठवडाभराच्या त्या साफसफाईने वाट टिकत नव्हती. ती फक्त सणापुरती रंगरंगोटी. वाट टिकत होती ती वर्षभराच्या वर्दळीने. सकाळी गुरे सड्यावर जायची, संध्याकाळी परत यायची, जाता-येता दोन्ही काठांचा कोवळा पाला खायची. बायका मोळ्या घेऊन उतरायच्या. डोक्यावरची मोळी आडवी असते, म्हणून वाटेत घुसलेली फांदी तिथल्या तिथे मोडली जायची. पावसात तेरें, टाकळा खुडणारी, अळमी शोधणारी, मे महिन्यात काजू गोळा करणारी, शाळेला जाणारी पोरे. आपण वाट राखतो आहोत हे यातल्या एकाच्याही मनात नव्हते.

मग एकेक गेले. रस्ता डांबरी झाला, बस आली, नंतर घरोघरी स्कूटर. गॅस आला आणि मोळ्या संपल्या. बायकांच्या माना सुटल्या, त्याचे मला सुखच आहे. वाट आठवून मोळीचे गोडवे गाणाऱ्यांच्या डोक्यावर एकदा मोळी द्यावी! खाणी आल्या. १९५० च्या आगेमागे डिचोलीत लोखंडाच्या खनिजाने जोर धरला आणि पुढे कित्येक जुन्या वाटा खड्ड्यांत नाहीतर मातीच्या ढिगांखाली गेल्या. शेतात गाळ आला, शेती सुटली, गुरे विकली. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आता काही पुन्हा सुरू होताहेत. खाणी थांबल्या म्हणून गुरे काही परत आली नाहीत. आणि गुरे नसलेल्या काठावर रानमोडी येते. तिला गुरे तोंड लावत नाहीत हे खरे, पण खुरांखाली तिची रोपे तरी मोडत. आता ती डोक्याइतकी वाढते.

म्हणजे आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे. इथे रान होते, पण ते झाडायला कुणाला नेमावे लागत नव्हते. आता आपली वाटही तुझ्या ट्रेलसारखी झाली आहे, गरज संपलेली. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार २०२३ च्या फेब्रुवारीत पुरा झाला, देऊळ सुंदर झाले आहे, आणि माणसे गाडीने दारात उतरतात. म्हणून आम्ही चार-पाच जणांनी ओहोळापर्यंतचा तुकडा धरला आहे. नाव नाही, नोंदणी नाही. तुमच्यासारखे किती तास काम केले हे लिहायला वहीही नाही.

आता तुझ्या कामाबद्दल. तुझ्या पत्रात फांद्या छाटण्याबद्दल दोन पाने आहेत आणि पाण्याबद्दल दोन ओळी. हे प्रमाण उलटे कर. फांदी आडवी आली तर माणूस वाकून जातो. पण पाणी एकदा वाटेवरून वाहायला लागले की वाट संपली. माणसांच्या पायांनी वाट मधोमध खोलगट होते, पहिल्या पावसाचे पाणी त्या खोलगटात शिरते, त्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही, ते माती घेऊन खाली जाते, खोलगट आणखी खोल होते. आपल्या सड्यावर वरचा जांभा टणक आहे तोवर निभते. उतारावर त्याच्या खालची शेडी लागली की एका जून-जुलैत गुडघाभर चर पडतो. मग माणसे चराच्या कडेने चालतात, तिथे दुसरा चर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तुमच्याकडे तो वर्षभर विभागून पडतो, पण पाण्याचा स्वभाव बदलत नाही.

उपाय तुमच्या क्लबाने शिकवलाच असेल. वाटेला तिरका दगडांचा नाहीतर ओंडक्याचा बांध घालायचा, वरून येणारे पाणी त्याला अडून दरीच्या बाजूला वळते. तू त्याला वॉटरबार म्हणतेस. आम्ही हे कुठल्या पुस्तकातून घेतले नाही. कुळागरात पाटाचे पाणी पोफळीच्या एका आळ्यातून दुसऱ्या आळ्याकडे फिरवणारा माणूस हेच करतो. मूठभर चिखल, एक झावळीचा तुकडा, आणि पाणी त्याचे ऐकते. आमच्यातला बाबू जन्मभर कुळागरात राबला. तो पावसात छत्री घेऊन वाटेवर नुसता उभा राहतो, पाणी कुठून येते, कुठे रेंगाळते, ते बघतो, आणि ऊन पडल्यावर तिथेच दगड बसवतो. तूही भर पावसात एकदा तुझ्या तुकड्यावर जा. कोरड्या दिवशी पाहिलेली वाट अर्धीच पाहिलेली असते. बांधाच्या वरच्या अंगाला गाळ साठतो तो काढत राहायचा. तुमच्याकडे पानगळ ऑक्टोबरात, म्हणून तेव्हा काढायचा. आपल्याकडे पाने फाल्गुन-चैत्रात झडतात, म्हणून आम्ही वैशाखाच्या अखेरीस काढतो.

तुम्ही ओंडक्याला लोकस्टचे लाकूड वापरता, ते लवकर कुजत नाही, असे वाचले. इथे चांगले किंदळाचे लाकूड टाकले तरी वाळवी त्याचा फडशा पाडते. म्हणून दगडच.

हत्यारांवरून आठवले, तुझी ती एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेली पुलास्की मला फार आवडली. आमच्याकडे कोयती, पिकास, पारय आणि एक घमेले. आणि राखीव रानात इंजिनाची करवत चालत नाही, दोघांनी ओढायची करवतच वापरावी लागते, हे वाचून तर मी खूश झालो. २०२४ च्या सप्टेंबरातल्या हेलीन वादळात तुमच्या वाटेचा दक्षिणेकडचा मोठा भाग झाडांनी बुजला होता, तेव्हा अशा करवतीने ओंडके कापताना काय हाल झाले असतील! पण आवाज नाही, धूर नाही, आणि दमलेला माणूस गरजेपेक्षा जास्त कापत नाही.

गरजेपेक्षा जास्त न करणे हेच मला यातले सर्वांत अवघड वाटते. आपल्याकडे पायवाटेवर कुणाची कृपादृष्टी वळली की तिथे सिमेंटच्या पायऱ्या होतात, पेव्हर बसतात, लोखंडी कठडा लागतो, आणि उद्घाटनाचा फलक. दोन पावसांत पेव्हरखालची माती जाते, शेवाळ धरते, माणसे घसरतात, आणि शेजारून पुन्हा पायवाट पडते. महाराष्ट्रात गडांवर किती निष्ठेने काम चालते ते तुला ठाऊक आहे. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांची मुले टाक्यांतला गाळ उपसतात, गडांना लाकडी दरवाजे बसवतात. त्यांना माझा नमस्कार. पण दर दहा पावलांवर खडकाला ऑइलपेंटचे बाण मारणारेही तिथेच जातात. तुमचा पांढरा पट्टा दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच, त्याहून मोठा नाही. माप ठरवून देणाऱ्याचे मला कौतुक वाटते. इकडे केरी-सत्तरीत राजेंद्र केरकर आणि विवेकानंद पर्यावरण जागृती फौजेची मुले वर्षानुवर्षे देवराया आणि म्हादईचे रान पायी फिरत आली आहेत. त्या फिरण्यातून जे लिहिले गेले, ते कुठल्याही बाणापेक्षा माणसाला अधिक वाट दाखवते.

एका बाबतीत मात्र मला तुझा हेवा वाटतो. तुमच्या वाटेला १९६८ चा कायदा आहे, तिच्या दोन्ही बाजूंची जमीन बहुतेक ठिकाणी राखलेली आहे. आमच्याकडे वाट कुणाच्या जमिनीतून जाते हेच आधी शोधायचे. मयेत तर विचारूच नको. गोवा मुक्त झाल्यावर तिथली बरीचशी जमीन निर्वासितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे गेली. घरांत राहणारी, बागा कसणारी माणसे दशकानुदशके मालकीवाचून राहिली. २०१४ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला. अशा जमिनीवरच्या वाटेची परवानगी कुणाकडे मागायची? आम्ही मागितली नाही. आजवर जशी चालली तशी चालू, असे धरून चाललो. पण हल्ली सड्यावरचे भूखंड विकले जाताहेत. बाहेरून आलेला मालक आधी तार ओढतो, नंतर विचारतो. त्याचेही काय चुकले? त्याला दाखवलेल्या नकाशात पायवाट नसते. मग मामलेदाराकडे जायचे, आणि तिथे पहिला प्रश्न येतो, ही वाट वापरात आहे का? इथे आमचा कोयतीचा खटाटोप कामी येतो. मोकळी वाट, तिच्यावरचे ताजे पाय, नीट बसवलेले दगड, हा आमचा पुरावा. म्हणून मी वाड्यावरच्या पोरांना सांगतो, काम नका करू, नुसते चाला. यंदा मुलांना अष्टमीला चालत नेणार आहोत. आयांनी जळवांवरून आणि फुरशांवरून भांडण काढले आहे. पायात बूट घालून, पुढे दोन मोठी माणसे ठेवून, यावर तडजोड झाली.

तू डिसेंबरात येशील तेव्हा गवत वाळलेले असेल, वाट सोपी वाटेल. येताना हत्यार काही आणू नकोस, विमानतळावर तुझी उलटतपासणी होईल. क्लबाने दिलेले ते लहान पुस्तक मात्र आण. त्याआधी एक काम कर. बांध वाटेला किती तिरका बसवायचा, त्याचा कोन त्यात दिला असेल तर कळव. ओहोळाच्या वरच्या वळणावरचा आमचा दगड दर वर्षी निघून जातो. बाबू म्हणतो, तो फार आडवा बसला आहे, पाणी त्याच्या डोक्यावरून उडी मारते. मी म्हणतो, कोन बरोबर आहे, पण तो पुरेसा खोल गाडलेला नाही. आमचे यावरून तीन दिवस बोलणे बंद आहे. अष्टमीला अजून महिना आहे, त्याच्या आत उत्तर आले तर बरे.

तुझा,
मामा