घर चाललं छोट्या हत्तीवरून

धाटाव एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही पेणहून रोह्याला शिफ्ट व्हायचं ठरवलं. आई मात्र हटून बसली, ‘माझं घर टेम्पोत मावायचं नाही!’ मोठा पिकअप पाहिला, छोटा हत्तीही. म्हणजे २००५ साली आलेला टाटा एस. सामान वन रूम किचनचं, हत्तीच ठरवला. कपाट केबिनला टेकवून, फ्रिज उभा, फटींत गाद्या, वरून दोर. काचेचा देव्हारा शेजारच्या मूर्तिकार काकांनी पेंढ्यात बांधला. गणपती परदेशी धाडणारे हात ते! देव आईच्या मांडीवर, आई ड्रायव्हरशेजारी. नागोठण्यापर्यंत ती गप्प. मग म्हणाली, ‘पोचल्यावर आधी दूध उतू जाऊ द्यायचं हं.’ तेव्हा मंडळी, टेम्पोचं भाडं ठरवताना केबिनमधली एक सीट जरूर मागून घ्या.