अकरा वाकडी फुलं

आमच्या डायनिंग टेबलवर सध्या जेवता येत नाही. त्यावर क्रेप कागदाच्या गुंडाळ्या, तारेची भेंडोळी, खळीची वाटी आणि आजीचा चष्मा असा संसार पसरलेला असतो. आम्ही ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसतो. आई कुरकुरते, पण आजीला "जरा आवर" म्हणायची हिंमत कुणातच नाही. माझ्यात तर नाहीच नाही. का, ते सांगतो.

आजी (वय वर्षं ७९) आजोबा गेल्यावर सांगलीहून आमच्याकडे कोथरूडला आली. सांगलीला तिचा दिवस भरलेला असायचा. अंगण, शेजारणी, दारावरचा भाजीवाला, संध्याकाळचं भजन. इथे सातवा मजला. आई, बाबा आणि मी सकाळी नऊला बाहेर पडतो ते आठला परत. दिवसभर तिच्या सोबतीला टीव्ही आणि समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम. दोन-तीन महिन्यांत तिचं बोलणंच कमी झालं. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस का?" "जेवले." संपलं.

आता, प्रॉब्लेम दिसला की सोल्यूशन शोधायचं ही आमच्या जमातीची खोड. प्रॉब्लेम नीट समजून घ्यायचा असतो, हे नंतर आठवतं. मी ऑनलाईन शोधाशोध केली आणि कागदी फुलांचं एक किट मागवलं. तयार पाकळ्या, मागे चिकटपट्टी. सोला आणि चिकटवा. आजीने चष्मा सरसावून खोका चारी बाजूंनी वाचला. कोपऱ्यात '५+' छापलेलं होतं.

"पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे होय? मग चालेल की मला," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तो खोका आमच्या कामवाल्या मावशींच्या नातीला देऊन टाकला.

विषय तिथेच संपला असता, पण गणपती तोंडावर आले. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमचं मखर 'आयत्या वेळी बघू' या पद्धतीने चालतं. यावर चर्चा चालू असताना आजी मध्येच म्हणाली, "आमच्या वेळी क्रेपची फुलं करायचो. वाड्यातल्या पाच घरच्या गौरींना माझी फुलं असायची."

"मग कर की!"

"कागद कुठाय?"

शनिवारी तिला रिक्षात घालून बोहरी आळीत नेलं. तिथे या बाईचं एक वेगळंच रूप बघायला मिळालं. दुकानदाराने पुढे केलेल्या तीन गुंडाळ्या तिने नुसत्या बोटांनी ताणून परत केल्या. "याला जीव नाही." चौथी पसंत पडली.

ताणण्यामागचं कारण घरी आल्यावर कळलं. क्रेप कागदाला बारीक सुरकुत्या असतात. तो सुरकुत्यांना आडवा ओढला की ताणला जातो, सुरकुत्यांच्या दिशेने ओढला तर नाही. म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या खालून वर, उभ्या आल्या पाहिजेत. मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच ताणलं की पाकळीची वाटी होते आणि ती तशीच राहते. पाकळी आडवी कापली तर वाटी होतच नाही. वरची कड विणायच्या सुईवर गुंडाळून मागे वळवायची. मग तारेभोवती एकेक पाकळी लावत जायची. प्रत्येक पाकळीने आधीच्या दोन पाकळ्यांमधली फट झाकायची. शेवटी दोऱ्याने घट्ट बांधायचं आणि देठावर हिरवी पट्टी तिरकी गुंडाळत न्यायची. झाला गुलाब. वाचायला सोपं आहे. माझा पहिला गुलाब कोबीसारखा दिसत होता. :)

आजीचाही पहिला काही फार बरा झाला नाही. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. कात्री दर वेळी उघडायची म्हणजे त्याच सांध्यावर जोर. चार पाकळ्या झाल्या की ती हात खाली ठेवायची, पण दुखतंय असं काही म्हणायची नाही. मग मी आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री आणली. कागदाच्या आठ-आठ घड्या एकदम कापायचं काम माझ्याकडे घेतलं, आकार द्यायचं तिच्याकडे ठेवलं. आमच्या पांढऱ्या टेबलावर पांढऱ्या आणि पिवळ्या पाकळ्या तिला नीट दिसत नव्हत्या, म्हणून खाली काळा कार्डशीट घातला आणि डाव्या बाजूला टेबल लॅम्प लावला. वयाबरोबर डोळ्यात उजेड कमी पोचतो आणि जवळजवळचे रंग वेगळे ओळखणं अवघड होतं. हे मी वाचून काढलं, तिला नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं. असो.

पंधरा दिवसांत ५१ फुलं झाली. आणि मुख्य म्हणजे आजी बोलायला लागली. वाडा, विहीर, आजोबांनी एकदा चोरून आणून दिलेला जांभळा कागद, काय काय निघालं.

आता माझ्या पराक्रमाची गोष्ट. चतुर्थीच्या आदल्या रात्री मी फुलं मखराला लावत होतो. त्यातली अकरा वाकडी होती. कुठे पाकळ्या एका बाजूला कललेल्या, कुठे देठ जाड झालेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार, फोटो निघणार. मी ती अकरा बाजूला काढली आणि दोन वाजेपर्यंत जागून नवी केली. तोवर माझा हात बऱ्यापैकी बसला होता. हेतू चांगलाच होता हो. आजीला कुणी नावं ठेवू नयेत, एवढंच.

सकाळी आरती झाली. सगळे "वा आजी, काय सुंदर!" म्हणत होते. आजी मखराजवळ गेली, डावीकडचं एक फूल वाकवून खालून बघितलं. मग दुसरं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या फुलात फेविकॉल नसतो रे."

बास. रागावली नाही, रडली नाही. दुपारी टेबल आवरून ठेवलं. खळीची वाटी घासून पालथी घातली. संध्याकाळी "जेवलीस का?" तर "जेवले."

ऑफिसमध्ये माझा कोड कुणी मला न विचारता बदलला असता तर मी काय केलं असतं? भांडलो असतो. निदान एक लांबलचक मेल तरी टाकलीच असती. मग आजीच्या बाबतीत मला विचारावंसंसुद्धा का वाटलं नाही? कारण मी मनातून ते सगळं 'आजीचा टाइमपास' म्हणूनच धरलं होतं. तिच्यासाठी ते काम होतं. त्या '५+'च्या खोक्यात आणि माझ्या त्या रात्रीच्या जागरणात तसा काही फरक नव्हता.

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, तर मेरी डेलनी नावाच्या इंग्रज बाई भेटल्या. जन्म १७००चा. १७६८ साली त्यांचे दुसरे यजमान वारले. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून खऱ्या फुलांच्या हुबेहूब प्रतिकृती करायला सुरुवात केली. एकेका फुलाला शेकडो तुकडे, आणि सगळी काळ्या कागदावर चिकटवलेली. (आमच्या काळ्या कार्डशीटची आठवण झाली.) दहाएक वर्षांनी नजर अधू झाली तेव्हा थांबल्या. तोवर ९८५ चित्रं झाली होती. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी फोनवर ती चित्रं आजीला दाखवली. तिने एकेक मोठं करून बराच वेळ बघितलं. शेवटी विचारलं, "हिची वाकडी फुलं कोण सरळ करायचं?"

"कुणी नाही."

"हं."

मी आत जाऊन बुटांचा खोका आणला. तिची अकरा फुलं मी टाकली नव्हती, एवढीच काय ती माझ्या बाजूची गोष्ट. "चुकलो आजी," म्हटलं. तिने खोक्यातलं एक फूल उचललं, फिरवून बघितलं आणि म्हणाली, "हे खरंच वाकडं झालंय." मग दोरा सोडला, दोन पाकळ्या सरकवल्या, परत बांधलं. बाकीची दहा तशीच ठेवली. गौरींच्या दोन्ही बाजूंना ती अकरा लागली. माझी फेविकॉलवाली काढायला निघालो तर म्हणाली, "राहू देत. शिकाऊ माणसाला असं मोडायचं नसतं."

तुमच्या घरी असं कुणी असेल तर किट मागवण्याआधी एकदा विचारून बघा, तुला काय करता यायचं? कात्री, उजेड, काळा कागद ही कामं आपली. फूल त्यांचं.

संक्रांतीला सोसायटीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला वाण म्हणून आजीकडून चाळीस गुलाब घेतले. वीस रुपयांना एक, घासाघीस चालली नाही. आता कुणाच्या तरी मुंजीची ऑर्डर आहे. मला फक्त कापायचं काम आहे, तेही उभ्या सुरकुत्या बघून. काल एक गठ्ठा आडवा कापला गेला. आजीने तो न बोलता परत माझ्यासमोर सरकवला.